बाळंतिणीच्या खोलीला खिडकी

मार्गशीर्षातल्या गुरुवारी मी पूजेची मांडणी करत होते, तेव्हा पुण्याहून लेकीचा फोन आला. "आई, डॉक्टरांनी जुलैची तारीख दिलीय." डिसेंबर 2022 ची गोष्ट. पाच झाडांच्या डहाळ्या हातात तशाच राहिल्या. आनंद झाला, डोळे भरून आले, सासूबाईंना ओरडून सांगितलं. हे सगळं झालं. पण फोन ठेवल्याबरोबर मनात पहिला विचार आला तो त्या खोलीचा. पहिलटकरीण माहेरी येणार, म्हणजे सासूबाई तिचं अंथरूण त्याच खोलीत घालणार.

आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून मैलभर आत. आजेसासऱ्यांनी बांधलेलं. जांभ्याच्या चिऱ्यांच्या दीड हात जाड भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे पडवी आणि ओटी, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर आणि परसाकडची पडवी. माजघराला लागून पूर्वेच्या अंगाला आठ बाय दहाची एक खोली आहे. तिला घरात आजही बाळंतिणीची खोली म्हणतात. एरवी तिच्यात तांदूळ, लोणच्याच्या बरण्या आणि वर्षाचं कोकम असतं. दार एकच, तेही माजघरात उघडणारं. खिडकी नाही. वर एक काचेचं कौल आहे, पण स्वयंपाकघरातल्या धुराने ते इतकं काजळलं होतं की भर दुपारी त्यातून संध्याकाळ झिरपायची.

माझी आई मी लहान असतानाच गेली, म्हणून माझं बाळंतपण सासरी झालं. 1995 चा भाद्रपद. दवाखान्यातून दुसऱ्या दिवशी घरी आणलं आणि त्या खोलीत ठेवलं. बाळ-बाळंतिणीला वारा लागू नये, कुणाची नजर लागू नये, म्हणून दार ओढून घेतलेलं. खाटेखाली शेगडी, ओव्याची धुरी, आणि उजेडाला एक मिणमिणता पिवळा दिवा. त्या दिव्याखाली माझी मुलगी मला सोन्यासारखी दिसायची. ती दूध कमी पिते, सारखी झोपते, तर सगळे म्हणायचे, गुणी आहे हो पोर. पाचव्या दिवशी पाचवीच्या पूजेला मामेसासूबाई आल्या आणि बाळाला घेऊन जरा ओटीवर गेल्या. तिथून त्यांनी मारलेली हाक माझ्या कानात अजून आहे. बाळ पायाच्या तळव्यापर्यंत पिवळं होतं.

एसटीने चिपळूण. सहा दिवस काविळीवरच्या निळ्या दिव्याखाली. पहिल्या रात्री डॉक्टरांनी काही शाश्वती दिली नाही. आम्हाला आत घेताना त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "हिला उजेडात कुणी बघितलंच नाही का?" दोष कुणाचाच नव्हता. सासूबाईंनी जिवापाड केलं होतं, त्यांच्या सासूने जसं त्यांचं केलं तसंच. पण तो प्रश्न मी सत्तावीस वर्षं मनात वागवला. लेक वाचली, शिकली, तिचं लग्न झालं. आणि आता ती तिचं बाळ घेऊन त्याच खोलीत निजणार होती.

मी त्याच रात्री ह्यांना म्हटलं, त्या खोलीला खिडकी पाडायची.

सासूबाईंनी ऐकलं आणि पोळीचा तुकडा ताटात ठेवला. त्यांचं वय चौऱ्याऐंशी. "घरात गर्भारशी असताना भिंत फोडायची नसते गो. खिळा ठोकत नाहीत आणि तू चिरे काढायला निघालीस." हे त्यांचं एकटीचं म्हणणं नव्हे. गर्भिणीच्या नवऱ्यानेसुद्धा वास्तूचं काम काढू नये, असं जुन्या लोकांत आहेच. मी वाद घातला नाही. तेहतीस वर्षं शाळेत शिकवल्यावर मला एवढं कळतं, की जुनं माणूस नको म्हणतं तेव्हा ते कशाला जपतं आहे ते आधी बघावं. धूळ, आदळआपट, उघडं छप्पर, पसरलेली अवजारं यांत पोटुशीने वावरू नये, हा त्यातला अर्थ मला पटतोच. म्हणून मी त्यांना म्हटलं, "आई, गर्भारशी घरात आहेच कुठे? ती पुण्याला आहे. सातवा सरला की येईल, म्हणजे मे महिन्यात. ती उंबऱ्यात पाऊल टाकायच्या आत शेवटचा खिळा ठोकून झालेला असेल. अक्षय्य तृतीयेनंतर घरात हातोडा वाजणार नाही." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मधल्या खांबाला हात लावू नका." एवढ्यावर आमचं ठरलं.

2023 ची अक्षय्य तृतीया 22 एप्रिलला होती. म्हणजे हाताशी चारेक महिने. ऐकायला पुष्कळ वाटतात. पण आमच्याकडे कामाचे दिवस मोजताना शिमगा वजा करावा लागतो. पालख्या बाहेर पडल्या की गवंडी, सुतार, गडी, कोणी म्हणजे कोणी हाती लागत नाही. त्यानंतर काजू आणि आंबा सुरू होतो, तेव्हा माणसं बागेत. त्यामुळे भिंतीचं काम शिमग्याआधी आणि छपराचं नंतर, असं गवंडीदादांनीच मांडून दिलं. त्यांच्या वडिलांनी आमच्या विहिरीचं काम केलं होतं.

ती भिंत कशी उघडली ते मला सविस्तर सांगितलंच पाहिजे. कारण जुन्या चिऱ्याच्या घराला खिडकी पाडायची म्हटलं की लोक एकतर घाबरून सोडून देतात, नाहीतर मशीन लावून अख्खी भिंत हादरवतात.

चिरे मातीत रचलेले होते, सिमेंटचा कणही नाही. वरचे वासे त्याच भिंतीवर टेकलेले. गवंडीदादांनी पहिला दिवस नुसतं बघण्यात घालवला. कोळशाने भिंतीवर चौकट आखली, पुसली, वीतभर डावीकडे सरकवून परत आखली, कारण पहिल्या चौकटीच्या बरोबर डोक्यावर एक वासा येत होता. दुसऱ्या दिवशी आतून वाशांना माडाच्या खोडांचे टेकू दिले. मग खिडकीच्या वर, फक्त आतल्या बाजूने, भिंतीची अर्धी जाडी कोरली आणि तिथे सिमेंटचा तयार लिंटल, म्हणजे वरचा भार पेलणारी आडवी तुळई, बसवला. वरच्या फटीत चिऱ्याच्या चिपा आणि मसाला घट्ट ठासला. सात दिवस तसंच ठेवलं, रोज पाणी मारलं. आठव्या दिवशी बाहेरच्या बाजूने उरलेली अर्धी जाडी कोरून दुसरा लिंटल. तोही आठवडाभर मुरू दिला. भिंतीचा भार असा दोन हप्त्यांत नव्या खांद्यावर आला. त्यानंतरच खालचे चिरे एक एक करून काढायला घेतले. छिन्नी मातीच्या सांध्यात सारायची, हलक्या हाताने ठोकायचं, चिरा डुलायला लागला की दोघांनी धरून आत ओढायचा.

शेवटचा थर निघाला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले असतील. धूळ खाली बसली आणि त्या खोलीत ऊन आलं. पंचाहत्तर-ऐंशी वर्षांत पहिल्यांदा. तिरपं, लांबट, समोरच्या भिंतीवरच्या काजळीपर्यंत पोचलेलं. फुटलेल्या चिऱ्यांचा आतला रंग तेव्हा दिसला. बाहेरून काळपटलेला तो दगड आत लाल, पिवळा, मध्येच जांभळा आणि सगळीकडे छिद्रं छिद्रं. सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी आत पाऊल टाकलं नाही, पण गेल्याही नाहीत.

खिडकी पूर्वेलाच का, हे विचारणारे पुष्कळ भेटले. आमच्याकडे पावसाची झड येते ती समुद्राकडून, नैऋत्येने. पश्चिमेची खिडकी पावसाळ्यात उघडताच येत नाही, आपण तिला झापं बांधतो. पूर्वेची खिडकी आषाढातही उघडी राहू शकते, वर पुरेसं पाखं असलं म्हणजे झालं. शिवाय सकाळचा उजेड. बाळाचा खरा रंग त्यात कळतो.

पण भिंत उघडली आणि तिच्यासोबत आणखी एक गोष्ट उघडी पडली. चिऱ्यांच्या मागच्या मातीत वाळवीच्या नळ्या चढत गेलेल्या होत्या. सुताराने तिचा माग काढला, तेव्हा कोपऱ्यातला खांब जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत पोकळ निघाला. वरून रंग शाबूत, बोटाने दाबलं की आत जातं. मधला खांब नव्हे, हे आधी सासूबाईंना सांगितलं.

वाळवीचं औषध मारणाऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, जमिनीला आणि भिंतीला भोकं पाडतो, औषध भरतो, पाच वर्षं बघायला नको. मी औषधाचं नाव विचारलं. क्लोरपायरिफॉस. लेकीच्या डॉक्टरांना फोनवर विचारलं, तर त्यांनी स्पष्ट सांगितलं की हे औषध गर्भाच्या आणि तान्ह्या बाळाच्या वाढत्या मेंदूला घातक आहे, बाळाच्या खोलीत तर नकोच. आणि आमची विहीर त्या भिंतीपासून जेमतेम वीस फुटांवर. जांभा चाळणीसारखा, त्यात ओतलेलं विहिरीत उतरायला कितीसा वेळ? मी त्याला चहा देऊन परत पाठवलं. मग सुताराने जुन्या पद्धतीने केलं. पोकळ भाग कापून टाकला, खाली दगडाचा तळखडा बसवून खांब जमिनीपासून वीतभर वर उचलला आणि सांधा फणसाच्या लाकडाने जोडला. लाकडांची टोकं काजूच्या टरफलाच्या तेलात बुडवली. होड्यांना आपले लोक हेच लावत आले आहेत. ते तेल कातडी भाजतं, म्हणून हातमोजे घालून आणि अंगणाच्या टोकाला. आता महिन्यातून एकदा मी बॅटरी घेऊन खांबाच्या बुडाशी बघते. एवढी राखण करायला माझी हरकत नाही.

चौकटीच्या बाबतीत मात्र मला चटका बसला. एका वखारवाल्याने पूर्ण सुकलेलं म्हणून दिलेलं लाकूड ओलं निघालं. शिमग्याच्या सुट्टीत चौकट पीळ खाऊन बसली आणि झडप लागेना. त्याने हात वर केले. पैसे गेले ते गेले, पण तीन आठवडे गेले त्याचं दुःख जास्त. शेवटी माळ्यावर पडून असलेली जुन्या गोठ्याच्या दाराची शिवणीची फळी काढली. चाळीस वर्षं वाळलेली. तिची चौकट झाली ती आजतागायत तसूभर हललेली नाही. घर दुरुस्तीला काढाल तेव्हा माळ्यावरचं जुनं लाकूड भंगारात देऊ नका, असं मी आता सगळ्यांना सांगते.

रंगाचंही असंच. माजघराचं दार आणि ओटीचे गज यांना तीस वर्षांपूर्वीचा हिरवा ऑइलपेंट होता, पापुद्रे सुटलेला. रंगाऱ्याने घासायचं मशीन आणलं होतं. मी त्याला थांबवलं. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाला 90 पीपीएमची मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर 2017 पासून, म्हणजे दहा लाख भागांत 90 भाग. त्याआधीच्या चकचकीत रंगांत शिसं किती असेल त्याचा भरवसा नाही, आणि कोरडं घासलं की तेच धुळीतून नाकातोंडात जातं. बाळाच्या मेंदूला ते कायमचं बाधतं. दारं बिजागऱ्यांतून काढून आंब्याखाली नेली, खाली ताडपत्री अंथरली, पाणी मारत मारत पत्र्याने खरवडलं आणि खरवड गोळा करून बांधून ठेवली. रंगाऱ्याला दोन दिवस जास्त लागले, त्याची मजुरी मी आनंदाने दिली. उद्या लेकीचं बाळ त्या गजांना धरून उभं राहणार आणि दात शिवशिवले की गजच चावणार. सगळी मुलं चावतात.

भिंतींना आतून पुन्हा सिमेंट लावू द्यायचं नाही, हे मी पहिल्यापासून ठरवलं होतं. मागे एकदा आम्ही माजघराला सिमेंटचा गिलावा केला, तर दुसऱ्या पावसाळ्यात ओल आतच कोंडली आणि पांढरा लोणा फुटून पोपडे पडायला लागले. जांभा पाणी पितो आणि सोडतो, त्याला सोडायला वाट हवी. खोलीचा गिलावा चुन्याचाच केला, वर चुन्याचेच तीन हात दिले. कळीचा चुना पिंपात भिजवला तेव्हा तो कसा उकळतो ते बघायला शेजारची मुलं जमली होती, त्यांना लांब उभं करून दाखवला.

घराच्या मागे उरलेल्या चिऱ्यांची आणि फुटक्या कौलांची रास होती. ती हलवायला मी ह्यांच्या मागे लागले होते आणि ह्यांचं हंगामाचं कारण चाललं होतं. शेवटी गड्यांना लावून मीच उपसायला घेतली. त्या राशीत सात विंचू निघाले, पालीची अंडी, आणि तळाशी फुरशाची कात. त्या संध्याकाळी हे स्वतः उभे राहून उरलेली रास ट्रॅक्टरने नेऊन आले. माझ्या लहानपणी आमच्या वाडीत विंचू चावून पोर गेलं की लोक ते दैवावर सोडायचे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी विंचूदंशावर किती उपयोगी पडते ते दाखवलं आणि कोकणातली कितीतरी मुलं वाचली. पण उपचार आहे म्हणून रास घराला टेकवून ठेवायची का? भिंतीचे सगळे सांधे चुन्याने बुजवले, दाराखालची फट पट्टी मारून बंद केली. आणि बाळ-बाळंतीण जमिनीवर निजणार नाही, खाटेवर मच्छरदाणी गादीखाली खोचून निजेल, हे ठरवलं. मण्यार रात्रीच फिरते, जमिनीवर निजलेल्याला चावते, आणि दंश पुष्कळदा कळतही नाही.

शिमगा झाला, पाडवा झाला आणि छपराकडे वळलो. शाकारणी दरवर्षीच असते, पण या वेळी रिपा बदलायच्या होत्या. शेजारी सगळ्यांनी पत्रा घालायचा सल्ला दिला. वांदर कौलं फोडतात, दरवर्षी कोण परतत बसणार, हे मलाही कळतं. पण पत्र्याखाली चैत्रात जीव भाजतो आणि आषाढात पावसाचा असा आवाज होतो की शेजारचं माणूस बोललेलं ऐकू येत नाही. तान्हं बाळ त्यात निजेल कसं? कौलंच ठेवली. उतरवताना काही कौलांच्या पाठीवर बासेल मिशनचा ठसा सापडला. मंगळूरला त्यांनी 1865 साली कौलांचा कारखाना काढला, तिथून मचव्याने ही कौलं किनाऱ्याकिनाऱ्याने येत. अशी अकरा निघाली. ती मी वेगळी ठेवली नाहीत. कौल आहे, ते छपरावरच शोभतं. बाळंतिणीच्या खोलीवर ओळीने बसवायला सांगितली, आणि मध्ये दोन नवी काचेची.

छप्पर एका वेळी तिसरा हिस्साच उघडायचं, ही गवंडीदादांची अट होती. ती किती मोलाची होती ते एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कळलं. दुपारी ढग आले आणि अर्ध्या तासात वळीव कोसळला. उघड्या भागाखाली फक्त ओटी होती. खोलीतला ओला चुना वाचला.

बाकीची कामं भराभर झाली. मागच्या न्हाणीघराला खडबडीत फरशी, धरायला दांडा, उंच कमोड, कारण टाके असताना उकिडवं बसणं किती कठीण असतं ते मला ठाऊक आहे. पाणचुलीला धूर बाहेर काढणारं धुराडं. वायरिंग सगळं नवं, वीज कुठे गळायला लागली की लगेच तोडणारा 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवून. पावसाळ्यात आमच्या भिंतींना हात लावला की झिणझिण्या यायच्या, त्या थांबल्या. खिडकीला बारीक जाळी.

20 एप्रिलला सुताराने शेवटचा स्क्रू पिळला. सासूबाईंनी उंबऱ्यावर हळदीकुंकू वाहिलं आणि पहिल्यांदा त्या खोलीत जाऊन बसल्या. खिडकीसमोर. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "इथून विहिरीवरची जास्वंद दिसते." त्यांची चार बाळंतपणं त्या खोलीत झाली होती.

लेक 6 मेला आली. दोन आठवडे खोली उघडी ठेवून चुन्याचा वास गेला होता. तिने दारातून बघितलं, काही बोलली नाही, खिडकीच्या चौकटीवर हात फिरवत राहिली. तिला तिच्या काविळीची गोष्ट माहीत होती, पण मी ती कधी पूर्ण सांगितली नव्हती. त्या रात्री सांगितली.

त्या वर्षी बिपरजॉय वादळाने पाऊस अडवून धरला. मृग कोरडा गेला म्हणावा असा. 11 जूनला कोकणात मोसमी पाऊस पोचला म्हणाले, पण खरा लागला तो जून संपता संपता. विहीर तळाला गेली, बागाईतदार हवालदिल. मला मात्र त्या कोरड्या पंधरवड्यात दुपटी धुऊन वाळवून घेता आली, हे कबूल करते. सासूबाईंनी जुनी नऊवारी लुगडी आणि सासऱ्यांची धोतरं फाडून चाळीस लंगोट आणि बारा दुपटी शिवली होती, सगळी हाताने.

ते वाळत घालायचे कुठे, याचा विचार आम्ही घर करताना केला होता त्याचं मला आजही समाधान वाटतं. आमच्याकडे आषाढात धुतलेला कपडा तीन दिवस ओला राहतो आणि चौथ्या दिवशी त्याला वास येतो. तान्ह्या बाळाला दिवसाला वीस-पंचवीस लंगोट लागतात. म्हणून स्वयंपाकघरावरच्या माळ्याची जुनी जमीन साफ करून तिथे कौलाखाली सहा तारा ओढल्या होत्या. खालच्या चुलीची ऊब वर जाते, धूर धुराड्यातून बाहेर. एक पंखा लावला की संध्याकाळी टाकलेले कपडे सकाळी सुकतात, वरून एक इस्त्री फिरवायची. बाळाच्या तयारीत लोक पाळणा आधी आणतात. मी म्हणेन, पावसाळ्यातलं बाळ असेल तर आधी वाळवणाची सोय बघा.

जूनच्या शेवटी तिला चिपळूणला नणंदेकडे नेऊन ठेवलं. आमच्या गावाहून दवाखाना तासाभराच्या वर, आणि 22 जुलै 2021 चा चिपळूणचा पूर कोण विसरेल? नणंदेचं घर उंचावर आहे आणि दवाखानाही त्याच बाजूला. गुरुपौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी, 7 जुलैला, पहाटे मुलगी झाली. दोन किलो आठशे. बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस-बीची लस तिथेच दिली. तिसऱ्या दिवशी आम्ही तिला घरी आणलं, पावसातून, गाडीच्या काचा पुसत पुसत.

शेगडीवरून सासूबाईंशी पुन्हा बोलावं लागलं. खाटेखाली निखारे ठेवायचे नाहीत, कारण बंद खोलीत कोळसा जळला की त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. बाळंतिणीला ऊब हवी हे खरंच. ती गरम पाण्याच्या पिशवीने दिली, आणि ओवा-शेपाची धुरी न्हाणीघरात, दार उघडं ठेवून. धुपाटण्याचा वास घरभर आला तेव्हा त्या समाधानाने बसल्या.

पाचव्या दिवशी, 11 जुलैला, पाऊस तासभर थांबला. सातच्या सुमारास पूर्वेकडे ढग जरा फाटले. मी खिडकी उघडली, बाळाला दुपट्यातून मोकळं करून उजेडाखाली धरलं. डॉक्टरांनी दाखवलं होतं तसं कपाळ अंगठ्याने हलकेच दाबलं आणि सोडलं. पिवळसर. मग छाती. पिवळसर. पोट. तिथेही. मांडी दाबली, तिथे मात्र कातडी गुलाबी. माझे हात थरथरत होते, पण मला स्पष्ट दिसत होतं. लेकीनेही बघितलं, सासूबाईंनीही वाकून, चष्मा लावून बघितलं. त्याच म्हणाल्या, "गाडी काढायला सांग."

आठ वाजता निघालो. रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, निळ्या दिव्याची गरज नाही, दूध दर दोन तासांनी पाजा, उद्या पुन्हा तपासू. कोवळ्या उन्हात धरलं की कावीळ जाते असं आपल्याकडे समजतात, तेही त्यांनी खोडून काढलं. ऊन हा काविळीवरचा उपचार नाही, उजेड हवा तो ओळखण्यासाठी. पहिल्या चोवीस तासांत पिवळेपणा दिसला, तळपायांपर्यंत उतरला, किंवा बाळ दूध ओढेनासं झालं, तर एक तासही घालवायचा नाही. दुसऱ्या दिवशीचा आकडा उतरला होता. आठवड्यात रंग निवळला.

बाराव्या दिवशी, अधिक श्रावण लागला त्या दिवशी, आम्ही साधंच बारसं केलं. पाळणा त्याच खोलीत, शाबूत राहिलेल्या वाशाला टांगला. घुगऱ्या वाटल्या. गवंडीदादा आणि सुतार दोघेही जेवायला होते. गवंडीदादा जेवण झाल्यावर बाहेरच्या अंगाने जाऊन लिंटलखालचा सांधा नखाने खरवडून बघून आले, पाणी कुठे झिरपत नाही ना.

आता गणपती झाले आहेत. लेक पुढच्या आठवड्यात पुण्याला जाईल. माळ्यावरच्या तारा मी काढलेल्या नाहीत. मागच्या पडवीची जमीन आणि विहिरीचा कठडा राहिला आहे, तो सध्या गुडघाभरच उंच आहे. शिमग्याला त्या दोघी येतील तेव्हा नात आठ महिन्यांची असेल, रांगत असेल, कदाचित कशाला तरी धरून उभी राहत असेल. गवंडीदादांना मी दिवाळीनंतरची तारीख दिली आहे.